जॅकच्या दांड्यावरचा हात

बिरुदेव फाटकाशी येऊन उभा राहिला, तेव्हा जोतिराम वाकून गाडीच्या चाकांपुढं दगड लावत होता. त्याची पाठ रस्त्याकडं होती, त्यामुळं त्याला काही कळलं नाही. सुकन्यानं मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी ते तांबडं मुंडासं पाहिलं, मग त्याखालचा चेहरा, आणि भाकरी थापणारा तिचा हात परातीतच थांबला.

थोरला दीर. वळसंग गावात मेंढरं राखणारा. त्याची बायको मायाक्का गेल्यापासून या माणसानं जुळे सोलापूर भागातल्या या घराची पायरी चढली नव्हती. ना फोन, ना निरोप. जोतिराम दोनदा गावी जाऊन आला, दोन्ही वेळा बिरुदेव मेंढरं घेऊन रानात गेलेला होता. बाराव्यालासुद्धा तो धाकट्या भावाशी एक शब्द बोलला नव्हता. भांडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर सुकन्याला बरं वाटलं असतं. तो फक्त बघायचा.

आणि आता तो फाटकाच्या कडीला हात लावून गाडीकडं बघत होता.

"दादा!" जोतिराम दचकून उभा राहिला. हातातला दगड त्यानं उगीचच पँटला पुसला. "अरे, ये की. फोन तरी करायचास, स्टँडवर आलो असतो की न्यायला."

"गाडी घिऊन?" बिरुदेव म्हणाला.

सुकन्या पीठ लागलेल्या हातानंच बाहेर आली, पदर सारखा करून पाया पडली. "या भाऊजी. आत या, ऊन फार आहे."

"बसतो हितंच. गारवा हाय." पोर्चच्या पायरीवर तो टेकला. तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला. तो वरून धार सोडून प्याला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "काय काम काढलंयस, जोत्या?"

"टायर फिरवायचेत. पुढचे मागं, मागचे पुढं."

"घरीच?"

"घरीच."

या एका गोष्टीवर जोतिरामला बोलायला आवडायचं. विमा कंपनीच्या ऑफिसात इतकी वर्षं काढलेला माणूस. कुठल्याही गोष्टीत त्याला आधी धोका दिसायचा, सोय मागून दिसायची. विजेची गाडी घेतली तीसुद्धा वर्षभर चौकशी करून. मागं एकदा टायरवाल्याकडं नेली होती, तर तिथल्या माणसानं जॅक थेट गाडीच्या पोटाखाली सरकवला. पोटात सगळी बॅटरी. जोतिराम ओरडत धावला होता, पत्र्याला पोचा पडता पडता राहिला होता. तेव्हापासून त्यानं गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही असं ठरवलं. चाकं असलेला जॅक विकत आणला, उचललेली गाडी टेकवायला एक लोखंडी घोडी आणली, मोबाइलवर बघून बघून सगळं शिकला. ही गाडी जड, पुढच्या चाकांवर जोर जास्त, त्यामुळं पुढचे टायर लवकर झिजतात. म्हणून अधूनमधून हे काम.

तो भावाला हे सगळं सांगत सुटला. नको इतकं सांगत होता. सुकन्याला त्याच्या आवाजातली घाई ऐकू येत होती. शांतता पडली तर बिरुदेव दुसरंच काही तरी बोलेल, याची ती घाई होती.

"अहो," ती म्हणाली, "भाऊजी आलेत. राहू द्या आज ते. पुढच्या रविवारी करा."

"दगड लावून झालेत, नट सैल केलेत. तासाभराचं काम आहे."

"करू दे की," बिरुदेव म्हणाला. "मी बी हाय मदतीला."

सुकन्या आत गेली, पण तव्यावरची भाकरी तिनं करपवली.

गेल्या वैशाखातली ती दुपार तिला रोज आठवत होती असं नाही. पण आठवली की सगळी आठवायची. वळसंगच्या शेजारच्या गावात लग्न होतं, दोघं गाडी घेऊन गेले होते. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि जोतिरामचा फोन वाजला. मायाक्काला मेंढरांच्या वाड्यात कडबा काढताना नाग डसला होता. गावच्या डॉक्टरनं इंजेक्शन देऊन सांगितलं होतं, सोलापूरला न्या, लगेच न्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. "जोत्या, तू जवळच हायस. गाडी आण," एवढंच बिरुदेव म्हणाला होता. शेजारी बसलेल्या सुकन्याला ते शब्द स्वच्छ ऐकू आले होते.

जोतिराम उठून गाडीपर्यंत गेला. आत बसून पडद्यावरचा चार्जिंगचा आकडा बघितला. सुकन्या मागोमाग गेली होती, तिनंही बघितला. थोडं होतं, पण सोलापूरला पोचण्याइतकं होतं. मग त्यानं फोन कानाला लावला आणि म्हणाला, "दादा, चार्जिंग नाही. वाटेत बंद पडली तर काय करायचं? दुसरं काही तरी बघ."

तिनं त्याला अडवलं नाही. तो खोटं बोलत होता असंही तिला तेव्हा वाटलं नाही. तो घाबरला होता. मरणाच्या दारातलं माणूस मागच्या सीटवर, आणि गाडी मधेच थांबलेली, हे चित्र त्याला दिसलं होतं. बिरुदेवनं मग मायाक्काला मोटरसायकलवर घेतलं. पुढं गावातला बसू नावाचा पोरगा गाडी चालवत होता, मधे ती, मागं तिला कवेत धरून बिरुदेव. वाटेतल्या कुंभारीच्या अलीकडंच तिची मान कलंडली.

बातमी कळल्यावर जोतिराम आणि सुकन्या लग्नातून तसेच निघाले आणि सरकारी दवाखान्यात पोचले. त्याच गाडीनं. तेवढ्याच चार्जिंगवर. दवाखान्याच्या दारात बिरुदेव भिंतीला टेकून उभा होता. गाडी त्याच्यासमोर येऊन थांबली, आणि त्यानं आधी गाडीकडं पाहिलं, मग भावाकडं. त्या नजरेत प्रश्नसुद्धा नव्हता.

आणि मायाक्का म्हणजे कोण? जोतिराम सोलापुरात शिकायला होता, तेव्हा रोज अंधारात उठून भाकरी-कालवण करून पहाटेच्या एसटीनं त्याचा डबा पाठवणारी. पाऊस असो, पोटात दुखत असो, डबा चुकला नाही. "माझं थोरलं पोर हाय ते," असं ती दिराबद्दल सांगायची. स्वतःची पोरं नव्हती तिला.

बाहेर जॅकचा आवाज सुरू झाला. कर्र, कर्र.

सुकन्यानं गॅस बंद केला आणि ती पोर्चमध्ये येऊन उभी राहिली. आत थांबणं तिला जमेना.

पायरीच्या बाजूचं काम आधी होतं. जोतिराम भावाला दाखवत होता, "हे बघ, दाराखालच्या या कडेला खाचा आहेत ना, जॅक इथंच लावायचा. बोटभर आत गेला की बॅटरीचा पत्रा. पलीकडच्या बाजूच्या चाकांना दगड हवेतच, कारण एक बाजू उचलली की ब्रेकचा भरवसा नाही. आणि उचललेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही. काही झालं तरी नाही."

"किती वजन हाय हिचं?"

"दीड टनाच्या वर."

"आन ते सगळं ह्या येवढ्याशा दांड्यावर?"

"दांड्यावर नाही, आत तेल असतं. दांडा हलवला की तेल दाबलं जातं, गाडी वर येते."

"मग खाली कशी येती?"

"हाच दांडा डावीकडं फिरवायचा. हळू फिरवायचा पण. एकदम फिरवला तर धाडकन खाली येईल."

"डावीकडं," बिरुदेव म्हणाला.

"हं."

"दे हिकडं." त्यानं दांडा हातात घेतला.

सुकन्या एक पायरी खाली उतरली. तिनं स्वतःलाच दटावलं. काय विचार करतेस हा? सख्खा भाऊ आहे. पण बिरुदेवचे हात तिला दिसत होते, ते रुंद, काळवंडलेले, मेंढरू एका झटक्यात उलथं पाडणारे हात, आणि ते हात फार सावकाश, फार शांतपणे दांडा खालीवर करत होते. चाक जमिनीवरून सुटलं. जोतिरामनं घोडी सरकवली, जॅक मागं नेला. मागचं चाक उचललं. दोघांनी मिळून चाकं काढली, अदलाबदल केली, नट आवळले. काही झालं नाही.

मधे चहा झाला. बिरुदेवनं बशीत ओतून चहा घेतला आणि गाडीच्या दारावर हळूच हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"जोत्या, एकदा भरली की कुटंवर जाती ही?"

कप जोतिरामच्या ओठांशीच राहिला. "तसं... पुण्याला जाते आरामात."

"पुन्याला," बिरुदेव म्हणाला. "लई लांब जाती की."

गल्लीत कुठंतरी कूलरची घरघर चालू होती. मग जोतिराम उठला, कप पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "चल, ती बाजू उरकू."

"अहो, नको," सुकन्याच्या तोंडून निघून गेलं. "दमलात. जेवून घ्या आधी."

"काय सारखं नको नको लावलंयस?" तो चिडला. पण त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो काही नुसत्या उन्हाचा नव्हता. तिला वाटलं, यालाही कळतंय. कळतंय, तरी हा चाललाय. भावापुढं भ्यालो असं दिसू नये म्हणून चाललाय. आयुष्यात एकदा भ्याला होता, तेवढं पुरे झालं होतं त्याला.

दुसरी बाजू कंपाउंडच्या भिंतीकडची. गाडी आणि भिंत यांच्यामधे जेमतेम दोन माणसं मावतील एवढीच जागा. सुकन्याला पोर्चमधून टपावरून फक्त मुंडासं दिसत होतं आणि मागच्या बाजूला बाहेर आलेला जॅकचा दांडा. पुन्हा कर्र, कर्र. पुढची बाजू घोडीवर ठेवली. मागची बाजू जॅकवर. दोन्ही चाकं निघाली. गाडी एका अंगाला उचललेली, चाकांशिवाय, अशी काही तरी विचित्र दिसत होती, पाय तुटलेल्या जनावरासारखी.

टण्ण असा आवाज झाला. कुठला तरी नट हातातून सुटून फरशीवरून घरंगळत गेला.

"गेला बघ आत," जोतिरामचा आवाज. "थांब, दिसतोय."

"काठी बिठी हाय का?"

"हात पुरतोय. थांब."

सुकन्या पोर्चच्या टोकाशी धावली. तिथून गाडीखालचं आणि गाडीमागून भिंतीकडचं तिरकं दिसत होतं. जोतिराम फरशीवर आडवा झाला होता. आधी हात, मग खांदा, मग डोकं. थोड्या वेळापूर्वी त्यानंच सांगितलेलं तो विसरला होता, की भावाला दाखवायचं होतं त्याला, कुणास ठाऊक. त्याचा अर्धा देह गाडीच्या पोटाखाली होता.

तिनं मान वर केली. बिरुदेव उकिडवा बसला होता. त्याची नजर जोतिरामच्या पायांवर होती. आणि त्याचा उजवा हात जॅकच्या दांड्यावर होता.

"भाऊजी!"

ती इतक्या जोरात ओरडली, की समोरच्या तारेवरची पाखरं उडाली. बिरुदेवनं तिच्याकडं पाहिलं. दोघांची नजर एकमेकांत अडकली, आणि तिला कळलं की ती का ओरडली हे त्याला समजलं आहे.

ती धावली. पुढून जायला वाट नव्हती, गाडीचं तोंड भिंतीला लागलेलं. मागून वळसा घालावा लागला. अनवाणी पायांना फरशी भाजत होती. ती गाडीच्या मागच्या टोकाशी पोचली नसेल, तोच काही तरी दबल्यासारखा आवाज आला, दगड दगडावर घासावा तसा, आणि मग लोखंडाचा एक मोठा दणका. गाडी थरारली. टपावरची धूळ उडाली. आणि जोतिरामची किंकाळी.

"काय केलंत?" सुकन्या कोपरा वळता वळताच ओरडत होती. "काय केलंत हे, भाऊजी? काय केलंत?"

पुढच्या घोडीखालची फरशी खचली होती. तिथून पाण्याचा पाइप गेलेला, ती खणून बुजवलेली जागा. घोडी आडवी झाली, गाडी घसरली, जॅक निसटून भिंतीवर जाऊन आदळला. पण गाडी जमिनीपर्यंत आली नव्हती. दाराखालच्या कडेच्या खाली, जोतिरामच्या छातीला लागून, काढून ठेवलेलं एक चाक आडवं पडलेलं होतं. सगळं वजन त्या टायरवर थांबलं होतं. टायर दबला होता, पण होता. जोतिरामचं डोकं त्या पोकळीत होतं. हात मात्र घोडीच्या आणि फरशीच्या मधे सापडला होता.

"हात... दादा, हात..."

बिरुदेव काही न बोलता जॅक ओढून आणत होता. त्यानं तो गाडीखाली धरला, वाकून बघितलं, पुन्हा काढला आणि थोडा बाजूला, कडेवरच्या खाचेत, नेमका बसवला.

"सुकन्या. पाय धर त्याचं. मी म्हनलं की वड."

ती जागची हलली नाही. दांड्यावर पुन्हा तोच हात होता.

"पोरी," बिरुदेवचा आवाज फाटला, "वड म्हनतो ना!"

तिनं नवऱ्याचे दोन्ही पाय घट्ट धरले. कर्र. कर्र. गाडी इतकी सावकाश वर येत होती, की येतेय की नाही कळेना. तिचे डोळे दांड्यावरच होते. तो डावीकडं वळतो का, एवढंच ती बघत होती. घोडी सैल झाली, बिरुदेवनं ती एका लाथेनं बाजूला ढकलली आणि ओरडला, "आता!"

तिनं ओढलं. जोतिराम फरशीवरून घासत बाहेर आला, शर्ट फाटला, पाठ सोलवटली. उजव्या हाताचं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. पण तो शुद्धीवर होता आणि रडत होता, लहान पोरासारखा मोठ्यानं.

बिरुदेव उठला. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं, त्याची एक पट्टी फाडली आणि भावाचा हात छातीशी बांधला, मोडक्या पायाच्या कोकराला बांधतात तसा, जरासुद्धा धक्का न लावता.

रिक्षातून तिघं दवाखान्यात गेले. जोतिराम मधे बसला होता, डोकं भावाच्या खांद्यावर टाकून, आणि परत परत एकच म्हणत होता, "दादा, तू होतास म्हणून. तू होतास म्हणून वाचलो." बिरुदेव रस्त्याकडं बघत राहिला.

मनगटाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टरला वेळ लागणार होता. जोतिरामला आत नेल्यावर ती दोघं बाहेरच्या बाकावर बसली. पंखा फिरत होता, वारं लागत नव्हतं. शेजारी एक बाई पोराला मांडीवर घेऊन पेंगत होती.

"भाऊजी," सुकन्या म्हणाली, "मी नको ते बोलले. मला माफ करा. ते चाक तुम्हीच सरकवलंत ना खाली?"

"व्हय."

"नाही तर आज... आणि मी तुमच्यावरच ओरडले."

बिरुदेव आपल्या हातांकडं बघत होता. तळव्यावर जॅकचं काळं तेल लागलं होतं.

"तू चुकीचं काय बी बोलली न्हाईस," तो म्हणाला.

तिनं मान वळवली.

"वरीसभर मी ह्याच्या दारात आलो न्हाय, का? घाबरत व्हतो. त्याला न्हाय, मलाच. रानात मेंढरांमागं हिंडताना यकच यायचं मनात. आज बी यायचं न्हवतं. पन तिचं वरीस जवळ आलं, सांगाया आलो." तो थांबला. "त्यो खाली घुसला, आन माजा हात दांड्यावर गेला. कदी गेला ते मलाच कळलं न्हाय. डावीकडं म्हनलावता ना त्यो. डावीकडंच धरलावता."

मांडीवरचं पोर कण्हलं, बाईनं झोपेतच त्याला थोपटलं.

"तू वरडलीस. मग मी हात काडला. पर काडून काय व्हतंय? पुन्ना गेला आस्ता. त्यो तितंच पडलावता, पाय हलवत. मला माज्या हाताचा भरवसा न्हवता, पोरी. म्हनून चाक सरकवलं. चाक खाली आसलं, मग माज्या मनात काय बी येऊ दे, त्याला काय व्हनार न्हाय. आसं म्हनून सरकवलं." त्यानं तळवे धोतरावर घासले. डाग गेला नाही. "आन मग ती आपसूकच खाली आली."

बाहेर रस्त्यावर हवा पेटल्यासारखी हलत होती आणि सुकन्याच्या हातांवर काटा होता. तिला वाटलं, आपण उठून लांब जाऊन बसावं. तिला वाटलं, या माणसाच्या पायांवर डोकं ठेवावं. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"यांना सांगू का?" तिनं विचारलं.

"तुजं तू बघ." तो उठला. उघड्या डोक्यानं तो एकदम म्हातारा दिसत होता. "म्होरच्या आमुशेला तिचं वरीस हाय. तू ये. त्याला आनू नगं."

आणि तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरून उन्हात निघून गेला. जेवलासुद्धा नव्हता.

प्लास्टर होऊन बाहेर आल्यावर जोतिरामनं पहिलं विचारलं, "दादा कुठंय?"

"गेले."

"असा कसा गेला? मला बोलायचं होतं त्याच्याशी." गळ्यात अडकवलेल्या हाताकडं बघत तो हसला. कित्येक महिन्यांनी ती त्याला असं हसताना बघत होती. "बघितलंस ना? शेवटी रक्त ते रक्त. मला वाटायचं, दादाच्या मनात आहे काही तरी. उगीच वाटायचं."

घरी सुकन्यानं त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि डाव्या हातानं त्याला जमेना म्हणून भाकरी कालवणात कुस्करून दिली. रात्रभर शेजारी तो गाढ झोपलेला असताना ती आढ्याकडं बघत राहिली. पंधरा दिवस ती रोज ठरवायची की आज सांगू, आणि रोज त्याचा तो हलका झालेला चेहरा बघून गप्प बसायची. तो गावी जायची तयारी करत होता. भावासाठी नवीन धोतरजोडी आणली होती.

अमावास्येच्या आदल्या दिवशी मात्र गप्प राहून चालणार नव्हतं.

"तुम्हाला बोलावलेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. बाकावर बसून ऐकलं होतं ते सगळं, तसंच्या तसं. तिचं बोलणं संपल्यावर जोतिराम उठला, खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मग म्हणाला, "चाक सरकवलं ना पण त्यानं."

"हो."

"मी तेवढंही केलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सुकन्या एकटीच एसटीनं वळसंगला गेली. वाड्याच्या बाहेर मांडव घातला होता, भावकी जमली होती. तिनं चुलीपाशी बसून बायकांबरोबर भाकरी भाजल्या. मायाक्काच्या फोटोला हार घालताना तिला रडू कोसळलं, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईनं तिला जवळ घेतलं. जोतिराम का आला नाही, असं कुणीच विचारलं नाही. गावात ज्याला त्याला आपापलं उत्तर माहीत होतं.

पंगती उठल्यावर बिरुदेव तिला फाट्यापर्यंत सोडायला आला. दोघं बाभळीच्या सावलीत एसटीची वाट बघत उभी राहिली. लांबून कुत्र्यांचं भुंकणं आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"हात कसा हाय त्याचा?"

"बोटं हलतात आता."

"बरं झालं."

"मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "सगळं."

बिरुदेवनं मान हलवली. एसटी लांबून येताना दिसली, मागं धुळीचा लोट घेऊन. त्यानं हात वर करून ती थांबवली. सुकन्या चढली, दाराजवळच्या सीटवर बसली, तेव्हा तो खिडकीशी आला.

"यायचंय म्हनतो का त्यो?"

"रोज म्हणतात. अजूनही."

बिरुदेव खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. कंडक्टरनं घंटी मारली तरी त्यानं हात सोडला नाही.

"मग घिऊन ये," तो म्हणाला. "पर त्याला एकटा लावून दिऊ नगं, सुकन्या. तू संगं ये. आन हितं हाय तवर त्याला सोडून कुटं जाऊ नगं."

गाडी हलली तेव्हा त्यानं गज सोडला. सुकन्यानं मागं वळून पाहिलं. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, आणि त्याचे दोन्ही हात त्यानं पाठीमागं एकमेकांत घट्ट धरलेले होते.